फळ्याचा हट्ट

वस्तू आपसात बोलत त्या काळची गोष्ट. डोंगराखालच्या शाळेत एक फळा होता आणि तो पुसायला कापडाचा एक बोळा होता.

दुसरीतली हौसा बेरजेत हातचा विसरायची. सत्तावीस आणि पंधरा मिळवून बत्तीस लिहायची. बोळा ते लगेच पुसायचा. गुरुजी बरोबर उत्तर लिहायचे आणि हौसा ते पाटीवर उतरवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. शेवटी गुरुजी म्हणाले, "उद्या चुकलीस तर परत पहिलीत बसायचं."

दुसऱ्या दिवशीही तिने बत्तीसच लिहिले. बोळा धावला. फळ्याने आकडा घट्ट धरून ठेवला.

"सोड की! चूक अंगावर मिरवतोस, लाज नाही वाटत?"

"नाही वाटत. तिला ती एकदा नीट बघू दे. तू घास हवं तेवढं."

बोळ्याने घासघास घासले. फळ्याला ओरखडे पडले, पण आकडा हलला नाही.

हौसाने चिंचोके मांडून मोजले. बेचाळीस भरले. ती फळ्याकडे बघत राहिली.

"गुरुजी, माझे दहा हरवलेत." मग तिने आकड्यांवर बोट ठेवले. "सात आणि पाच बारा. मी दोन लिहिले आणि दहा तसेच सोडले!"

तिने बत्तीसखाली बेचाळीस लिहिले. गुरुजींनी दुसरी बेरीज घातली. तीही बरोबर आली.

"जा, दुसरीतच बस," गुरुजी म्हणाले.

बोळा धुसफुसला, "आता तरी पुसू का?"

"खुशाल पूस," फळा म्हणाला. "आता तिला ते लागणार नाही."