आठ हातांचा दरवाजा

घर सहा हात रुंद, आणि हुकूम आला दरवाजा आठ हात रुंद करण्याचा!

कोंडाबाई सुईणीने दोरी घेऊन दर्शनी भिंत दोनदा मोजली. भिंत काही वाढली नाही. अंगणात शिपाई कुलूप घेऊन ताटकळत होता. हुकूम कारभारी विसाजीपंतांचा, शिक्का चंदनगडच्या राजेसाहेबांचा. जिथे बायकांवर उपचार होतात तिथला दरवाजा निदान आठ हातांचा हवा, आणि ती जागा राजवैद्यांच्या बैठकीपासून तीस पावलांच्या आत हवी. का? तर बायकांच्या जिवाची काळजी!

"आजवर माझ्या घरात किती जणी दगावल्या, ते विचारलं का कुणी?" कोंडाबाई म्हणाली.

"एकही नाही," शिपाई मान खाली घालून पुटपुटला. त्याची तिन्ही पोरे तिच्याच हातून जन्मली होती. कुलूप मात्र त्याने लावले.

ओट्यावर कुंभाराची सून गोजरा बसली होती. तिला तिसरा महिना होता. मागच्या खेपेला ती मरता मरता वाचली होती. हे पोट वाढू दिले तर ती वाचणार नाही, हे कोंडाबाईने तपासताच ओळखले होते. ते लवकर पाडणे भाग होते, आणि दुसरी सुईण घाटापलीकडे, बारा कोसांवर. बैलगाडीचे तेवढे धक्के गोजराला सोसणारे नव्हते.

"मावशी, आता गं?"

"आता मी दरबारात जाते. तू चार घास खाऊन घे."

दरबारात पंत गोड हसले. "बंद कर असं कोण म्हणतंय, कोंडाबाई? नियम पाळ आणि खुशाल चालव!"

"पाळला तर कुणी अडवणार नाही ना, महाराज?"

राजेसाहेबांना गंमत वाटली. "पाळलास तर पंतच काय, मीसुद्धा अडवणार नाही. शब्द दिला!"

कोंडाबाई दरबारातच असलेल्या राजवैद्यांच्या बैठकीपाशी गेली आणि तिथून पावले मोजत निघाली. एकोणतिसाव्या पावलाला दरबाराचा दरवाजा आला. तिने त्याला दोरी लावली. नऊ हात! ती हसतच गोजराकडे परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेब दरबारात आले, ते खोकतच. सगळीकडे ओव्याची धुरी! दोन खांबांमध्ये लुगड्यांचा पडदा बांधलेला, शेगडीवर पाणी उकळतेय, आणि वाकळा अंथरून अकरा बायका ओळीने बसलेल्या. कुणी अवघडलेली, कुणाची पाळी अडलेली, कुणाला मूल हवे, कुणाला इतक्यात नको. दरबारातले मानकरी भिंतीला पाठ लावून छताची नक्षी बघत होते.

"हा काय तमाशा? चला, बाहेर व्हा!" पंत ओरडले.

"हळू बोला, पंत! आत गोजरा दचकते," पडद्याआडून कोंडाबाईचा आवाज आला. "कुठला नियम मोडला, तेवढं सांगा. दरवाजा नऊ हात. या पडद्यापासून वैद्यबुवा वीस पावलांवर. अख्ख्या राज्यात तुमच्या नियमात बसणारी जागा ही एकच!"

एक म्हातारी राजवैद्यांकडे वळली. "बरं झालं तुम्ही जवळ आहात. सुनेचं मूल आडवं आहे. काय करू?"

राजवैद्यांना घाम फुटला. "मी... मी फक्त महाराजांची नाडी बघतो."

"मग तुमच्यापासून पावलं कशाला मोजायची हो?"

बायका खो खो हसल्या. तेवढ्यात अंतःपुरातून राणीसाहेब आल्या आणि ओळीत शेवटी जाऊन बसल्या.

"तुम्ही? इथे?" राजेसाहेब थक्क झाले.

"इतकी वर्षं लपतछपत तिच्या घरी जात होते. आता किती सोयीचं झालं! राहू दे की इथंच!"

राजेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "कोंडाबाई, माझा दरबार मोकळा कधी होणार?"

कोंडाबाई हात पुसत बाहेर आली. "दोनच वाटा आहेत, महाराज. एक तर नियमाएवढं घर शोधायचं, नाहीतर घराएवढा नियम करायचा. पहिलं मी करून दाखवलं. दुसरं तुमच्या हातात आहे!"

राजेसाहेब असे हसले की मुकुट घसरला. हुकूम त्यांनी तिथल्या तिथे फाडला आणि कुलूप काढायला खुद्द पंतांना पाठवले. कोंडाबाईला घराशेजारची जागा दिली, दोन खोल्या बांधून द्यायचे कबूल केले, शिवाय दूरच्या बायकांना आणायला एक छपराची गाडी.

"आणखी काही?"

"एकच. गोजराचं नीट पार पडलंय. आता तिला जरा झोपू द्यायचंय. सगळ्या बाप्यांनी बाहेर थांबावं!"

आणि हसू दाबत, चवड्यांवर चालत, सगळ्यांत आधी राजेसाहेबच दरबाराबाहेर पडले.