पाहुणे निघाले

फार वर्षांपूर्वी एका उंबरावर सापाचं नाव कोणी घेत नसे. साप चढू लागला की "पाहुणे आले" अशी हाक द्यायची आणि सगळ्यांनी मिळून त्याला टोचून पिटाळायचं, अशी तिथली रीत होती.

पुढे पोपटाने आपल्या रिकाम्या ढोल्या वाटसरू पाखरांना दोन-दोन दिवसांसाठी द्यायला सुरुवात केली. नवा थवा उतरला की तो ऐटीत ओरडे, "पाहुणे आले." सगळे धावत बाहेर येत आणि चडफडत परत जात. महिन्याभरात त्या हाकेला कोणी मान वर करीनासं झालं.

"अरे, ती हाक तेवढी वापरू नकोस," म्हातारा तांबट पक्षी म्हणाला.

"तात्या, तुम्हाला पान गळलं तरी धडकी भरते," पोपट हसला. तांबटाला वाटलं, असेलही; आपलंच वय झालंय.

एका दुपारी साप तांबटाच्या सुनेच्या अंड्यांकडे सरकताना दिसला. तांबट ओरडला, "पाहुणे आले."

"येऊ देत," कोणीतरी आतूनच पुटपुटलं.

मग होता नव्हता तेवढा दम गोळा करून तांबटाने हाक दिली, "पाहुणे निघाले."

सगळा उंबर आनंदाने बाहेर आला. कोण निघालं ते बघायला पाहुणेही आले. साप दिसताच शंभर चोची तुटून पडल्या आणि तो धपकन खाली आपटून पळत सुटला.

पोपट मान खाली घालून म्हणाला, "तात्या, आता नवे आले की काय ओरडू?"

"शेजारी आले म्हण," तांबट ताठ मानेने म्हणाला. "आणि उतरल्या उतरल्या त्यांना आपली हाक शिकव."