वाघजाईच्या ऐनावरचं बांडगूळ

हा समोरचा ऐन वाघजाई देवीचा. चैत्रात त्याचं पान न् पान गळतं आणि सुसरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं खोड तेवढं उरतं. तरी मान वर करून पाहिलंत तर उघड्या फांद्यांवर हिरवे झुबके दिसतील. नवख्या माणसाला वाटतं, पालवी फुटली. ती पालवी नव्हे, बांडगूळ आहे. त्याला माती लागत नाही. फांदीच्या सालीत मूळ रुतवून ते ऐनाचंच पाणी पितं आणि ऐन वाळका दिसतो तेव्हाही हिरवं राहतं. या देवराईत काडी मोडायलाही बंदी आहे. बांडगूळ मात्र आम्ही कापतो. त्यामागची हकीकत आमच्या धनगरवाड्यावर अशी सांगतात.

फार मागे एका वर्षी पाऊस हात राखून पडला आणि पुढच्या वर्षी पडलाच नाही. डोंगरावरचं गवत मुळापासून उडून गेलं. ज्यांना चालता येत होतं ते म्हशी घेऊन घाटाखाली नदीकडे उतरले. मागे राहिली ती म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या मुलांची घरं. त्यांत कोंडू झोरे होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. मागे मुलगी राहिली, तिचं बारसंही व्हायचं होतं. शेजारची सोनाई तिला सांभाळायची, पण तिच्या स्वतःच्या अंगावर मूल होतं आणि उपासाने तिचं दूध आटत चाललं होतं. कोंडूची पोर जगत होती ती म्हशीच्या दुधावर. कापडाची वात दुधात भिजवून तो ती पोरीच्या ओठांत धरायचा.

मग म्हैस बसली, ती उठेना. कोंडूने छपराचं जुनं गवत काढून तिच्यापुढे टाकलं. तिने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. दूध ओंजळभर झालं, मग चमचाभर.

साऱ्या डोंगरावर हिरवं उरलं होतं ते या ऐनावर. कोंडू भिकू गुरवाकडे गेला आणि झाडावर चढायला देवीचा कौल मागितला. गुरवाने देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावल्या. डावी पडली, म्हणजे नकार. कोंडूने पाय धरले, म्हणून गुरवाने पुन्हा लावल्या. पुन्हा डावी.

"आई नाही म्हणते," गुरव म्हणाला. "तुझ्या एका म्हशीपायी सगळ्या वाड्यावर कोप नको, कोंडू."

"वाड्यावर उरलंय कोण, काका?"

गुरवाने पाकळ्या गोळा करून ठेवल्या.

रिकाम्या हाताने घरी जायचं कोंडूला धैर्य होईना. तो इथेच झाडाखाली बसून राहिला. वर एक अंगठ्याएवढं पाखरू आलं, म्हणे. त्याने बांडगुळाचं फळ गिळलं, दुसऱ्या फांदीवर जाऊन बसलं आणि शेपटीखाली लोंबणारं चिकट बी फांदीला घासून सोडवलं. बी तिथेच डकलं. शेजारी असंच एक जुनं बी रुजलेलं होतं; दोन पानं वर आणि मूळ थेट सालीत. कोंडू बराच वेळ ते पाहत राहिला. मग उठून गुरवाला हात धरून घेऊन आला.

"काका, हे आईच्या झाडाचं पान नाही. पाखराने आणून लावलंय. आईच्या झाडाचं पाणी पिऊन वाढलंय."

"असेल. पण तिने नको म्हटलंय."

"मी झाडाचं विचारलं होतं. ह्याचं विचारलंच नाही. परत कौल लावा."

"तिसऱ्यांदा विचारत नाहीत, कोंडू."

कोंडूने मुंडासं उतरवून खाली ठेवलं, खोडाला डोकं टेकवलं आणि कमरेला कोयती खोचून चढायला लागला. गुरवाने त्याला अडवलं नाही. हात जोडून, डोळे मिटून तो खाली उभा राहिला. पहिला झुबका त्याच्या पायाशी पडला. आभाळ तसंच कोरडं होतं, वारासुद्धा हलला नाही. तेव्हा गुरवाने डोळे उघडले आणि वर बघून म्हणाला, "फांदीला लागू देऊ नकोस. जोडाची गाठ सोडून काप."

म्हशीने ती जाड पानं खाल्ली. कोंडू भारे आणत राहिला, ती खात राहिली. आणि एका दुपारी तिने पान्हा सोडला. तांब्या घेऊन कोंडू सोनाईच्या दारात धावत गेला. त्याने वात भिजवून पोरीच्या ओठांना लावली. दूध हनुवटीवरून खाली ओघळलं. त्याने पुन्हा लावली. सोनाईने त्याचा हात धरला.

"भावजी, ती गेली. मगाशीच गेली."

कोंडू मांडीवर पोर घेऊन तसाच बसला. कोणी म्हणालं, आईची आज्ञा मोडली, तिने घेतलं. गुरव म्हणाला, तसं असतं तर मीही खाली उभा होतो, मला का सोडलं. कोंडूने दोघांचंही ऐकलं नसावं. सोनाईचं पोर रडायला लागलं, तेव्हा त्याने मान वर केली. आपली पोर सोनाईच्या हाती दिली, तिचं मूल उचलून घेतलं आणि तांब्यातलं दूध वातीने त्याला पाजलं. संपेपर्यंत पाजलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा झाडावर चढला. पाऊस येईपर्यंत रोज चढला आणि मागे राहिलेल्या प्रत्येक घराच्या म्हशीला भारा टाकत गेला. त्याचं हसणं-बोलणं कोणी पुन्हा ऐकलं नाही असं सांगतात. वाड्यावरचं दुसरं एकही मूल त्या वर्षी गेलं नाही.

आजही चैत्रात बांडगूळ उतरलं की पहिला भारा अंगावर पिणारं मूल असेल त्या घरी जातो. त्या घरचा बाप त्या दिवशी मुलाला मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने, वातीने म्हशीचं दूध पाजतो. ते होईपर्यंत दारात उभी असलेली माणसं एक शब्द बोलत नाहीत.