देव्हाऱ्यातली पायडलं

एकदा एक तरुण शिष्या आपल्या वृद्ध गुरूंच्या दारात संतापून उभी राहिली. तिच्या सायकलची दोन्ही पायडलं कुणीतरी काढून नेली होती, आणि असं करणारा गावात एकच माणूस होता.

पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. मागच्या वर्षी शेवटच्या धावण्यात ती रस्त्यातच कोसळली होती. या वर्षी ती अंतिम रेषा ओलांडायचीच म्हणून तिने चाळीस दिवसांचं व्रत घेतलं होतं, रोज दोनदा सायकलने घाट चढायचा. तीस दिवसांत एकही खाडा नव्हता. सुरुवातीला घाट चढायला चाळीस मिनिटं लागत, पुढे पंचेचाळीस लागू लागली. तिला वाटलं, आपली श्रद्धाच कमी पडते आहे. म्हणून तिने तिसरी फेरी सुरू केली.

"पायडलं द्या, गुरुजी."

"देवापाशी आहेत. घे जा."

देव्हाऱ्यात ताम्हनामध्ये ती तेलकट पायडलं ठेवलेली होती. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. आतून गुरुपत्नी म्हणाल्या, "कालच घासलं होतं मी ते ताम्हन. आधी ते बघा, मग भांडा दोघं."

शिष्येचा हात पुढे गेला आणि थांबला. देवाला वाहिलेलं उचलायला तिचं मन धजेना.

"माझं व्रत मोडलंत तुम्ही. आणि तेही देवाला पुढे करून."

"हो, मोडलं." गुरूंचाही आवाज चढला. "आज उठल्यावर नाडी किती होती?"

"चौसष्ट."

"आणि पहिल्या दिवशी?"

पहिल्या दिवशी बावन्न होती. रोजची नाडी तिच्याच अक्षरात वहीत होती.

"मग लिहितेस कशाला? मला दाखवायला? शरीर रोज सकाळी ओरडून सांगतंय आणि तू कानात बोटं घालून तिसऱ्यांदा घाटाला निघतेस. पारणं केल्याशिवाय कधी उपास पुरा होतो का? घाट शरीराला मोडतो. ते सांधलं जातं जेवणात आणि झोपेत, आणि सांधताना आधीपेक्षा घट्ट होतं. तू तीस दिवस नुसती मोडते आहेस. देवाने दिलेल्या देहाचे हाल करायचे आणि त्याला श्रद्धा म्हणायचं, याचा मला राग येतो. फार राग येतो, पोरी. मागच्या वर्षी तुला रस्त्यावरून मीच उचललं होतं."

"मग दहा दिवस करू काय मी?" तिने घुश्शातच विचारलं.

"पोटभर जेव. झोप. सकाळी चालायला जा, आणि चालताना स्तोत्र मोठ्याने म्हण. धाप लागून शब्द तुटला की मागे फिर."

नमस्कार न करताच ती निघून गेली. पहिले काही दिवस ती कुणाशी भांडावं तसं स्तोत्र म्हणत चालली. सहाव्या दिवशी नाडी अठ्ठावन्न झाली, नवव्या दिवशी बावन्न. तिने येऊन वही नुसती गुरूंपुढे धरली. तोंड अजून फुगलेलंच होतं. गुरूंनी वही पाहिली, ताम्हनातली पायडलं पुसली आणि स्वतःच्या हाताने सायकलला बसवून दिली.

स्पर्धेच्या दिवशी, गेल्या वर्षी जिथे ती कोसळली होती, तिथे आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पुटपुटत धावतो आहोत, आणि एकही शब्द तुटत नाही. अंतिम रेषा तिने धावतच ओलांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सायकल घेऊन गुरूंच्या दारात आली. या वेळी आधी वाकून नमस्कार केला, मग म्हणाली, "जरा पाना द्या."

तिने दोन्ही पायडलं स्वतः काढली, ओढणीने तेल पुसलं आणि ती घेऊन देव्हाऱ्यापाशी गेली. गुरुपत्नींनी ताम्हनात आधीच केळीचं पान घालून ठेवलं होतं.

उपास सोडताना ओट्याशी उभ्याउभ्याच दोन घास गिळणाऱ्या आपण साऱ्याजणींनीही आता पारण्याला पाट मांडून बसावं.