भोक पडलेले खवले

एका गावात एक माळी होता. नीटनेटकेपणात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. अंगणात वाळकं पान पडलं की हा झाडू घेऊन हजर! लोक वाहवा करायचे आणि माळ्याला ती वाहवा फार गोड लागायची.

त्याच्या अंगणात पपनसाचं एक झाड होतं. बायकोनं लावलेलं. बायको देवाघरी गेली, झाड मागे राहिलं. सासरी गेलेली लेक त्याला ‘आईचं झाड’ म्हणायची आणि दिवाळीला आली की अर्धा दिवस त्याच्याखालीच बसायची.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर फांद्यांवर मसुराएवढे तपकिरी खवले दिसू लागले. पानं चिकट होऊन काळवंडली. माळ्याचा जीव खालीवर झाला. गावात भिंग होतं ते एकट्या म्हाताऱ्या सोनाराकडे. माळी एक डहाळी तोडून त्याच्याकडे धावला.

सोनारानं डोळ्याला भिंग लावलं आणि सुईच्या टोकानं एक खवला उलटा केला.

“माळीदादा, हा खवला म्हणजे किडीची पाठच आहे. खाली मऊ पोट, आणि ही केसाहून बारीक सोंड. ती सालीत खुपसून बया झाडाचा रस पीत बसलीय.”

मग त्यानं एक काळा पडलेला खवला फोडला आणि तो हरखूनच गेला.

“अहो, हिला तर आतून कुणी खाऊन टाकलंय! ही बघा, एवढीशी गांधीलमाशी. पाय पोटाशी घेऊन निजलीय. आणि ह्या शेजारच्या खवल्याला गोल भोक आहे ना? त्यातली माशी कुरतडून बाहेर पडली. आता ती दुसऱ्या किडीच्या पोटात अंडं घालणार. तुमचं काम ह्या माश्याच करताहेत. महिनाभर झाडाला हात लावू नका.”

माळ्यानंही भिंगातून पाहिलं. पण भोक पाहून त्याच्या अंगावर शहारा आला.

“महिनाभर? आठ दिवसांवर दिवाळी आलीय, सोनारबाबा. लेक येईल, चार लोक येतील. असलं ओंगळ झाड दाखवू त्यांना? तुम्ही दागिन्यांचं बघा, झाडाचं मी बघतो.”

काळे आणि भोकाचे खवले सगळ्यांत वाईट, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. असे खवले असलेल्या फांद्या त्यानं वेचून वेचून छाटल्या आणि पेटवून दिल्या. उरलेलं झाड काथ्यानं घासून काढलं. दिवाळीत झाड कसं लखलखलं! लेक खूश झाली, गावानं वाहवा केली.

पण बेचक्यात चार-दोन किडी राहिल्या होत्या. त्यांच्या पोटाखालून शेकडो पिल्लं निघाली, त्या पिल्लांची पुन्हा पिल्लं झाली. त्यांना अडवणारं आता कोणी उरलं नव्हतं. उन्हाळ्यात झाडाची पानं झडली. माळी पुन्हा सोनाराकडून भिंग घेऊन आला आणि भर उन्हात एकेक खवला तपासू लागला. एक तरी काळा दिसू दे, एकाला तरी भोक असू दे, असं म्हणत त्यानं फांदी न् फांदी पाहिली. सगळे खवले धडधाकट होते. आपणच आपल्या हातानं सोबती जाळले, हे त्याला कळलं आणि तो ढसाढसा रडला. पावसाळ्यात झाडाला जराही पालवी फुटली नाही.

पुढच्या दिवाळीला लेक आली. माळ्यानं तिच्यापासून काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. ती त्या वाळक्या झाडाखाली जाऊन बसली.

“सोनारबाबांनी थांबायला सांगितलं होतं ना, बाबा?”

“सांगितलं होतं गं,” माळी म्हणाला. “मला त्या दिवाळीला झाड चांगलं दिसायला हवं होतं.”

तात्पर्य: लोकांना छान दिसावं म्हणून घाईनं केलेल्या साफसफाईत आपल्या उपयोगाचेही जातात, आणि मग कितीही हळहळलं तरी ते परत येत नाहीत.