दोन दारं आणि तिसरी सावली

एक होतं कुंभाराचं घर. गावाच्या पार टोकाला, ओढ्याच्या काठी. त्या घराला दारं दोन, एक पुढचं, एक मागचं. आणि कुत्रेही दोन. पाय पांघरुणात घ्या बरं आधी. हं.

घरात राहायची सगुणा, तिची सासू कोंडाई आणि सगुणाची सहा महिन्यांची लेक. कोंडाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण कान असे, की दूध उतू जायच्या आधीच तिला कळायचं. सगुणाचा नवरा लुमा गाढवावर मडकी लादून गावोगावचे बाजार करायचा. गेला की महिनाभर परतायचा नाही.

आता कुत्र्यांचं ऐका. एक काळा, म्हातारा, सासरचा. दुसरा पिवळट, तरणा, सगुणानं माहेराहून पदरात घालून आणलेला. दोघांनाही नाव नव्हतं, बरं का. कोंडाई म्हणायची, "तुझं आलं बघ चुलीत तोंड घालायला." सगुणा म्हणायची, "आणि तुमचं काय, देवळात जाऊन बसलंय?" झालं. एक 'तुझं', एक 'तुमचं'. एवढीच त्यांची ओळख.

आणि लेकीलाही नाव नव्हतं. बारशाला सगुणाच नको म्हणाली होती. तिला वाटायचं, नाव ठेवलं की ते चारचौघांच्या तोंडी जातं, आणि तोंडी गेलं की दृष्ट लागते. फार भित्री होती बिचारी. झोळीची गाठ दिवसातून दहादा ओढून बघायची. लेकीला नुसतं 'बाळे' म्हणायची आणि कानामागं काजळ लावायची.

त्या घरची रीत अशी, की शेवटची भाकरी कुत्र्याची. भर दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, की सगुणा ती भाकरी घेऊन अंगणात यायची आणि हाक मारायची, "यूऽ यूऽ." मग भाकरी टाकायची मधोमध. कुत्रे दोन आणि शेवटची भाकरी एकच. मग काय होणार? काळा गुरगुरायचा, पिवळा दात काढायचा, आणि दोघं एकमेकांच्या मानेला धरायचे. रोज. रोजच्या रोज.

एके दिवशी काय झालं, भांडण ऐन रंगात होतं. सगुणा पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. ऊन डोक्यावर आलेलं. अशा वेळी सावल्या पायाखाली गोळा होतात, ठाऊक आहे ना? काळ्याची सावली त्याच्या पोटाखाली. पिवळ्याची त्याच्या पोटाखाली. आणि तिकडे आव्यापाशी, जिथं मडकी भाजतात तिथं, एक तिसरी सावली होती. कुत्र्याचीच. चांगली लांब. पण तिच्यावर कुत्रा नव्हता.

सगुणानं डोळे चोळले. सावली गेली. तिला वाटलं, उन्हानं दिसलं असेल. पण ओसरीवर बसलेली कोंडाई हळूच म्हणाली, "कुत्री किती हाईत गं आपल्याकडं?"

"दोन. का?"

"मला तिघांच्या जिभा ऐकू येत्यात."

त्या दिवसापासून पोर हसेनाशी झाली. खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, गुदगुल्या केल्या. छे. आव्याकडं टक लावून बघत राहायची.

सगुणाला कळलं, की भांडण झालं की ते येतं. म्हणून ती म्हणाली, भांडणच मोडायचं. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन उभी राहिली. कुत्रे भिडले तशी दोघांच्या मधे शिरून घातली काठी. ती लागली पिवळ्याला. त्याला वाटलं, काळ्यानंच मारलं. तो दुप्पट चवताळला आणि त्या झटापटीत सगुणाच्याच मनगटावर दात उमटले. आणि सावली? ती आव्यापासून उठून ओसरीपर्यंत आली. जरा मोठीही झाली, वासराएवढी. आणि पोर रडेनाशी झाली. भूक लागली तरी नाही, ओली झाली तरी नाही.

मग सगुणानं दुसरा उपाय केला. दोघांना दोन दोऱ्या लावल्या आणि बांधलं एकाच खुंट्याला. म्हणाली, आता कसे भांडतात बघू. अगं बाई, पण दूर पळायलाही जागा नको का? दोऱ्या एकमेकींत गुंतल्या, दोघं एकमेकांच्या तोंडाशी आले आणि सुटता सुटेनात. कोंडाईनं कानांवर हात ठेवले. सावली उंबरा ओलांडून घरात आली.

मग तिसरा उपाय. सगुणा म्हणाली, भाकरी कमी पडते म्हणून भांडतात मेले. तिनं दहा भाकरी थापल्या, परातीत ढीग रचला आणि परात ठेवली अंगणाच्या मधोमध. "यूऽ यूऽ." ढिगाची राखण करायला काळा आडवा उभा राहिला, पिवळ्यानं झेप घेतली, भाकऱ्या मातीत गेल्या. सगुणा धावत घरात आली तर सावली झोळीच्या खाली पसरलेली. वारा नव्हता, तरी झोळी हलत होती. हळू. कुणीतरी झोके द्यावेत तशी.

सगुणानं पोरीला उचललं आणि सासूच्या कुशीत जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा, बरं का. लग्न झाल्यापासून दोघींचं 'तुझं-तुमचं' चाललेलं. कोंडाईनं तिच्या मनगटावरच्या दातांच्या खुणा चाचपल्या आणि त्यावर हळद दाबली.

मग म्हणाली, "त्याला बोलावतं कोण?"

"कुणीच नाही."

"रोज कुणीतरी हाक मारतं. मी ऐकते."

सगुणा म्हणाली, "मी तर कुत्र्यांना बोलावते. यू यू म्हणते."

"यू यू हे कुणाचं नाव गं?"

खरंच, ते कुणाचंच नाव नव्हतं. ज्याला कुणी नाही, ज्याला नाव नाही, त्यालाही वाटणार की मलाच बोलावलं. ते येणारच. आणि भाकरी कुठं खातं ते? ते भांडण खातं. रोज ताजं भांडण वाढून ठेवलेलं, मग का नाही माजणार?

मग कोंडाईनं मातीचा गोळा मागवला. हातानं चापटून तिनं दोन परळ केले, पसरट, ताटलीएवढे. काळ्याला जवळ घेऊन त्याचा पंजा एका परळावर दाबला. पिवळ्याला सगुणानं आणलं, त्याचा पंजा दुसऱ्यावर. वेगवेगळ्या वेळी, एकाला आत ठेवून. मग परळ वाळवले, भाजले.

"आता नावं," कोंडाई म्हणाली. "तुझ्याला मी ठेवते, माझ्याला तू ठेव." तिनं पिवळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. लोकरीसारखे मऊ केस. दोन वर्षांत तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. म्हणाली, "लोकऱ्या." सगुणानं काळ्याकडं बघितलं. तोही तिच्याकडं बघत होता, म्हाताऱ्या पाणीदार डोळ्यांनी. म्हणाली, "काजळ्या."

दुसऱ्या दुपारी सगुणानं शेवटची भाकरी घरातच मोडली. आधी काजळ्याला हाक, कारण तो वडील. त्याचा परळ पुढच्या दाराला. मग लोकऱ्याला, त्याचा परळ मागच्या दाराला, कोंडाईच्या पायाशी. मधे अख्खं घर. हा त्याला दिसत नाही, तो ह्याला दिसत नाही. दोघांनी मुकाट खाल्लं, परळ चाटले. परळ उचलले, मगच दोघांना अंगणात सोडलं. काजळ्या निंबाखाली झोपला. लोकऱ्या आव्याच्या भिंतीला टेकून झोपला. अंगणात दोनच सावल्या.

असे गेले दोन दिवस. सावली ओसरीवर मागं सरली. वासराची बकरीएवढी झाली. सगुणाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दुपारी दोघी दोन दारांत, कुत्रे आपापल्या परळाशी. माजघरात झोळी. इतक्या दिवसांत पोरीच्या तोंडून आवाज नव्हता. आणि त्या दुपारी ती पहिल्यांदा बोलली. गोड, बारीक आवाजात.

"यू... यू."

रोज तेच ऐकत होती ना ती. तेच शिकली.

ओसरीवरची सावली उठली. सगुणाच्या पायावरून गेली, तर पाय ओढ्याच्या पाण्यात घातल्यासारखा गार पडला. सावली घरात शिरली आणि झोळीवर चढू लागली. कापड काळं होत चाललं, खालून वर. तेवढ्यात एका दारातून काजळ्या आत आला, दुसऱ्या दारातून लोकऱ्या. झोळीच्या दोन बाजूंना दोघं उभे. पाठीवरचे केस ताठ. दोघांची नजर एकमेकांवर.

सावली थांबली. वाट बघू लागली. तिला ठाऊक होतं, आता जेवण वाढलं जाणार.

सगुणाचा हात काठीकडं गेला. मनगटावरची खूण ठणकली. तिनं काठी सोडून दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काजळ्या, इकडं ये." मागच्या दारातून कोंडाई म्हणाली, "लोकऱ्या, माझ्यापाशी ये." दोघांनी कान टवकारले. आपापलं नाव ते. काजळ्यानं मान वळवली आणि सगुणाच्या पायाशी येऊन बसला. लोकऱ्या म्हातारीच्या पायाशी गेला. कुणी गुरगुरलं नाही.

सावली आक्रसली. मांजराएवढी झाली. पण झोळीच्या कडेला चिकटूनच राहिली. कारण आत जी होती, तिलाही नाव नव्हतं.

कोंडाई म्हणाली, "सूनबाई, तिला हाक मार."

इतके दिवस सगुणानं जे नाव मनातच लपवून ठेवलं, तेच आता मोठ्यानं म्हणायचं. पण ती झोळीवर वाकली. लेकीच्या कानात फुंकर मारली, कुर्रर्र. आणि म्हणाली, "भिवरा."

भट्टीत मडकं तडकतं ना, तसा आवाज झाला. टक्. भिवरानं डोळे मिटले, तोंड वासलं आणि भोकाड पसरलं. असं रडली, असं रडली, की ओढ्यापलीकडच्या गुराख्यानं मान वर करून बघितलं. सगुणाला ते रडणं गाण्यासारखं वाटलं. झोळीखाली बघितलं तर चिमूटभर राख. तिच्यावर एका पंजाची खूण. कोंडाईनं ती सुपलीत भरली आणि ओढ्यात सोडली.

लुमा बाजाराहून आला तेव्हा थाटात बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. दोन दारांचे दोन परळ तसेच चालू राहिले. पुढं पुढं काजळ्या आणि लोकऱ्या निंबाखाली एकत्रही झोपायला लागले, पण जेवायचे आपापल्या दारात. सासू-सुनाही भांडायच्या अधूनमधून. पण 'तुझं-तुमचं' म्हणून नाही. भिवरा मोठी झाली, पोटभर हसली, पोटभर रडली, आणि सगळी सुखानं राहिली.

चला, आता ज्यानं त्यानं आपापल्या पांघरुणात. एका पांघरुणाची दोघांत ओढाओढ नको. ज्याला त्याला त्याच्या नावानं हाक मारली, की 'ओ' द्यायची आणि डोळे मिटायचे. आणि बाहेरून कुणी नुसतंच यू यू म्हटलं, तर कूस बदलायची. ते आपल्याला नसतं. झोपा.