कोल्ह्याच्या पाहुण्या

सागाच्या एका जंगलात एक मोर गाद्यांचा धंदा करीत असे. गाद्या सावरीच्या कापसाच्या, इतक्या मऊ की पाठ टेकली की डोळा लागलाच! मोर स्वतः एक टाकाही घालत नसे, बरं का मुलांनो. कोल्हा माल आणून द्यायचा, मोर पिसारा फुलवून तो विकायचा आणि गिऱ्हाईक "वा वा" करीत घरी न्यायचं. या गाद्या करतं कोण, हे कुणी विचारलं नाही. मऊ गादीवर पडल्यावर असले प्रश्न सुचत नाहीत.

त्याच जंगलात एक खार राहत होती. तिची धाकटी बहीण गेल्या हिवाळ्यात कोल्ह्याबरोबर डोंगरापलीकडे कामाला गेली होती. "पोटभर बोरं मिळतील, मनात येईल तेव्हा घरी ये," असं कोल्ह्याने गोड बोलून सांगितलं होतं. पण ती गेली ती गेलीच. खारीने विचारलं की कोल्हा म्हणे, "मजेत आहे गं ती! रमली आहे तिकडे."

पुढे खारीला पिल्लं झाली. तिने हौसेने मोराकडून गादी आणली, पण गादीवर निजवताच पिल्लं शिंकायला लागली. खारीने गादी उसवली. वर कापूस आणि आत शेपटीचे केस, टोकाला पांढरेशुभ्र! अशी पांढरी टोकं तिने जन्मात एकाच शेपटीला पाहिली होती, धाकट्या बहिणीच्या. ते केस मुठीत धरून ती शेजारणीकडे धावली.

खारीची शेजारीण होती टिटवी. टिटवीचं ओरडणं अशुभ, असं सगळं जंगल म्हणे. काय हा न्याय! वाईट आधीच झालेलं असतं, ती बिचारी फक्त ओरडून सांगते. खारीला घेऊन ती तडक मोराकडे गेली.

"मी फक्त विकतो," मोर मान वेळावीत म्हणाला. "आणि कोल्ह्याला मी एकदा विचारलंही होतं हं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे."

"चोरालाच विचारलंस, चोरी केलीस का म्हणून?" टिटवी कडाडली. "चल, स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

"पिसारा सांभाळून मला डोंगर चढवत नाही," मोर म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग त्या दोघीच गेल्या. डोंगरापलीकडे एक खोल बीळ होतं आणि त्याच्या तोंडाशी साळिंदर बसला होता. कोल्हा हसत पुढे आला. "या, या! कामकरणी कसल्या, आमच्या पाहुण्याच आहेत त्या. विचारा हवं तर." त्याने हाक मारताच बिळातून खारीच खारी पुढे आल्या. त्यांच्या शेपट्या उंदरासारख्या बोडक्या! गाद्या शिवायच्या त्यांनीच, आणि कापूस कमी पडला की कोल्हा त्यांच्याच शेपट्यांचे केस उपटून गाद्यांत भरायचा. "काय गं, मजेत ना?" त्याने विचारलं. "मजेत," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. धाकटी बहीणही म्हणाली, पण तिने मान वर केली नाही.

"पाहुण्या ना?" टिटवी म्हणाली. "मग त्यांना निरोप घेता येत असेल!"

खार पुढे झाली. "चल गं छकुले, घरी जाऊ. कोल्होबाला 'येते' म्हण." त्या जंगलात निघताना 'येते' असंच म्हणत. 'जाते' म्हणणं अभद्र, तो शब्द मेलेल्यांसाठी ठेवलेला.

बहिणीचे ओठ हलले. तेवढ्यात साळिंदराने अंगावरचे काटे खळखळ वाजवले आणि ती मागे सरकली. "पाहिलंत? तिलाच यायचं नाही," कोल्हा म्हणाला.

टिटवी अशी भडकली की विचारू नका! परतताना तिने सगळं जंगल ओरडून उठवलं. "आपापल्या गाद्या उसवा! आपण कशावर झोपतो ते बघा!" घरोघरी केस निघाले. जो तो गादी उचलून मोराच्या दारात फेकू लागला. "आधी त्या खारींना सोडवून आण, मग तोंड दाखव," सगळे म्हणाले. धंदा बसतो असं दिसल्यावर मोराला डोंगर बरोबर चढवला! हेच त्याला पहिल्या दिवशी करता आलं नसतं का?

मोरामागे सगळं जंगल निघालं. बिळाशी रानगव्याने नुसतं शिंग रोखलं, तसा साळिंदर मुकाट बाजूला झाला. खारी डोळे चोळत उन्हात आल्या. सर्वांत शेवटी धाकटी बहीण निघाली. निर्लज्ज कोल्हा तेव्हाही म्हणाला, "अगं, इतके दिवस पाहुणचार घेतलास, 'येते' तरी म्हण!"

ती थांबली. वळून तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"जाते," ती म्हणाली.

तो शब्द ऐकून त्या दिवशी कुणीही कान झाकले नाहीत.

तात्पर्य : जिथून मनात येईल तेव्हा निघता येत नाही, ते काम नव्हे, ती कैद आहे; आणि विकणारा व घेणारा जोवर 'हे कुणी केलं, कसं केलं' हे स्वतः जाऊन पाहत नाहीत, तोवर त्या कैदेच्या दारावर त्यांचाही पहारा असतो.